देवीच्या कानामागचा काळा डाग

चांदी काळी पडली की लोक माझ्याकडे असे बघायचे, जसा काय मीच त्यांच्या माजघरात शिरून तिला काजळ फासून आलोय. अहो, चांदी काळी पडणारच! समुद्र उशाशी घेऊन झोपणारी माणसं आपण, आपल्या खिडकीचे गज गंजतात, दाराच्या कड्या गंजतात, मग चांदीनं काय घोडं मारलंय? मी तिला काळी पडायला जरा उशीर लावतो, एवढाच माझा धंदा. हे मी दुकानात इतक्या वेळा बोललोय की बायको म्हणायची, "पाटयेर लिवन लावा. तोंडाक जरा आराम मेळतलो."

मालवणच्या बाजारात वडिलांच्या वेळेपासून आमचं फ्रेमचं दुकान. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरी. सिंधुदुर्ग म्हटलं की समुद्रातला किल्ला, दुसरं काही नाही. पोट भरायचं ते देवांच्या तसबिरींवर आणि गेलेल्या माणसांच्या फोटोंवर. चांदीचं काम पुढे आलं, पन्नास सालानंतर. घरातली कर्ती माणसं मुंबईला गेली, लग्नं तिकडेच व्हायला लागली, आणि इकडे ट्रंकेत अत्तरदाण्या, गुलाबदाण्या, तबकं नुसती पडून राहिली. मग कोणाला तरी सुचलं, हे भिंतीवर काचेत लावलं तर आल्यागेल्याला दिसेल तरी. एकाचं बघून दुसऱ्यानं केलं, आणि आमच्याकडे रीघ लागली.

काचपेटी म्हणजे खोल फ्रेमच. पुढे काच, मागची फळी उघडणारी. सोपं वाटतं ना? तिथेच फसगत होते. वस्तूला खिळा मारायचा नाही, सरस लावायचा नाही. लाकडाच्या बारीक खुंट्या करायच्या, त्यांना जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची, आणि त्यांच्यावर वस्तू नुसती विसावली पाहिजे. लाकूड जुनं, मुरलेलं हवं. ओलं लाकूड घाम काढतं. भिंत जांभ्याची, ती पावसाळाभर ओल धरते, म्हणून पेटी भिंतीला टेकवायची नाही, मागे दोन बोटं जागा सोडायची. आणि अस्तर सुती. गिऱ्हाइकाला मात्र लाल लोकरीची बनातच हवी असायची, कारण कुठल्या तरी संस्थानिकाकडे त्यानं बघितलेली असायची. लोकरीचं आणि चांदीचं हाडवैर. सांगून सांगून घसा कोरडा व्हायचा.

आणि घासणं! आपल्या बायकांना चांदी दिसली की हात शिवशिवतात. राख, चिंच, रांगोळी, मिळेल ते घेऊन घसाघसा. प्रत्येक घासण्यात थोडी चांदी जाते हो. द्राक्षाच्या वेलीचं नक्षीकाम असलेलं एक तबक माझ्याकडे आलं होतं, त्यातली द्राक्षं कधीच घासली गेली होती, नुसत्या देठांवरून ओळखायचं. मी वापरायचो ते रिठ्याचं कोमट पाणी, वस्त्रगाळ केलेली खडूची पूड आणि मऊ फडकं. बस.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. जामसंड्याचे एक गृहस्थ चांदीची वाटी घेऊन आले. घरातल्या प्रत्येक पोराचं उष्टावण त्या वाटीतून झालेलं, आणि पोरांनी चावून चावून तिची कड वेडीवाकडी केलेली. म्हणाले, "सोनाराकडे सरळ करायला नेली होती, पण त्याचं दुकान बंद होतं. जाता जाता तुम्हीच ठोकून द्या." मी भडकलोच. म्हटलं, "अहो, तुमच्या आज्याचे दात आहेत हे! ठोकता काय?" बिचारे घाबरून बाकड्यावर बसले. चावलेली कड पुढे येईल अशी वाटी मी लावून दिली. पुढे एकदा मुद्दाम येऊन सांगून गेले की आईनं त्यातला त्यांचा दात ओळखून दाखवला. खुशीत होते.

दुसरा आंबोलीचा चहावाला. तिथला पाऊस म्हणजे काय विचारता! त्यानं आजीची अत्तरदाणी पेटीत लावून नेली, आणि पावसाळ्यानंतर परत आणली ती आत बुरशीची पांढरी दाढी वाढलेली. विचारलं, पेटी लावली कुठे? तर म्हणे चुलीच्या वर, चहाच्या वाफेत. "थंडयेन गारठली असती मेस्त्रीनू, म्हणान ऊब दिलंय." आता याच्यावर रागवायचं तरी कसं?

असल्या गमती पुष्कळ. पण एका कामानं मात्र माझी पाचावर धारण बसवली होती. ते सांगून टाकतो. त्यातली दोन माणसं आता नाहीत आणि तिसरा स्वतःच सगळ्यांना हसून सांगत असतो, म्हणून हरकत नाही.

खाडीकाठचं एक गाव. नाव राहू दे. तिथल्या देवीचा चांदीचा मुखवटा देवळात नसे. एका मानकऱ्याच्या घरी वर्षभर राही आणि जत्रेला तिथून पालखीत बसे. तो मान त्या घराचा, पिढ्यान् पिढ्यांचा. घरात तेव्हा उरली होती एक म्हातारी. नवरा वारलेला, मुलगा बोटीवर नोकरीला. सगळं गाव तिला काकी म्हणे. शेजारी तिचे चुलत दीर, आबा. गावात त्यांचा शब्द चालायचा.

मुखवटा लाल फडक्यात गुंडाळून ट्रंकेत असायचा. काकी स्वतः होडीनं खाडी ओलांडून दुकानात आली आणि म्हणाली, "मेस्त्री, देवी माझी वरीसभर काळोखात रवता आणि मी उजेडात बसान जेवतंय. माका घास उतरणा नाय. काचेची पेटी करून दी." गावानं देवीला कौल लावला होता, मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली, म्हणजे देवीची परवानगी मिळाली. पण अटी होत्या. मुखवटा घराबाहेर न्यायचा नाही. आणि कुंकू-वस्त्र उतरलेली देवी कोणी बघायची नाही, कारागीर सोडून. म्हणून मी काकीच्या पडवीत जाऊन काम केलं, ते पडदा लावून, पडद्याआड एकटा. अंघोळ करून, उपाशीपोटी. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट कोणी डोकं खायला नव्हतं, म्हणून बरंच वाटलं.

वाजलं ते शेवटी. पेटी बघून काकी म्हणाली, "वारो खंयसून येतलो?"

"येवकच नये, काकी. वारो इलो काय काळोखी इली."

"अरे मेल्या, माझ्या देवीक कोंडून मारतंस?"

मी विज्ञान सांगितलं, ती ऐकेना. मी आवाज चढवला, तिनं चढवला नाही. नुसती समोर बसून राहिली, पदरानं डोळे टिपत. याच्यापुढे कोणाचं चालतं? मागच्या फळीला मी भोकांची रांग पाडून दिली. पेटी तिनं खाडीकडच्या खिडकीशी ठेवली, देवीला वारा लागावा आणि वाटेवरून जाणाऱ्याला दर्शन व्हावं म्हणून. मी पुटपुटत घरी आलो.

त्यानंतर जत्रा तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. आबा दुकानात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी विचारलं, "मेस्त्री, आमची देवी खंय आसा?"

मला वाटलं, थट्टा करतायत. म्हटलं, "काकींच्या घराक. खंय जातली?"

"थयसर आसा ती आमची न्हय. ती काळीठिक्कर पडली. आज्याच्या येळेपासून पडाक नाय ती देवी तुमच्या पेटयेत जावन दोन म्हयन्यांत काळी पडली. कथलाचो मुखवटो आसा, असा लोक म्हणतत. खरो खंय गेलो? पडद्याआड तुमी काय केलात, ता कोणी बघूक नाय."

सोनाराच्या कसोटीच्या दगडावर घासून बघा म्हणावं, तर देवीच्या अंगावर ओरखडा काढायचा नाही. तापवून बघा म्हणावं, तर देवीला आग दाखवायची नाही. म्हणजे खरं-खोटं करायचे सोनाराकडचे सगळे मार्ग बंद. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक होती. तिथे उलगडा झाला नाही, तर मान काकीच्या घरातून जाणार आणि देवी विकून खाल्ली हा बट्टा त्या म्हातारीच्या कपाळी बसणार. तिनं अन्न सोडलंय, असं आबा म्हणाले, आणि ते सांगताना त्यांचाही आवाज कापला. ते काही कपटी नव्हते. घाबरले होते. आणि माझं काय? ज्याच्यावर देवी चोरल्याचा आळ, त्याच्या हातात कोण आपली आजीची अत्तरदाणी देणार? दुकानाला टाळं लावून गाव सोडायची पाळी होती.

बायको एवढंच म्हणाली, "जावा. नाय गेलात तर चोर ठरतलात." तिचंही तोंड उतरलं होतं.

सकाळी होडीत बसलो. चांदी काळी पडते हे मला ठाऊक होतं, पण इतक्या लवकर, इतकी? खारा वारा म्हटलं तरी तो काय आजचा आहे? काही उमगत नव्हतं. समोर त्याच गावची आनंदी बसली होती, नारळाची सोडणं कुटून काथ्या काढणारी. तिच्या लग्नाचा फोटो मीच मढवला होता. फोटोत दिसावीत म्हणून पायातली चांदीची जोडवी तिनं मुद्दाम पुढे करून धरली होती, म्हणून ती माझ्या लक्षात. आता बघतो तर पाय मोकळे. नवऱ्याचं काही बरंवाईट तर झालं नाही ना? चाचरत विचारलं, "घोव बरो आसा मां, गो?"

ती खळखळून हसली. "बरो आसा तर! जोडवी बघितलात वाटता. ती डब्यात आसत. सोडणां काढूक सुरवात झाली काय घालूची सोय नाय. दोन दिसांत काळी कुळकुळीत होतत. आमी सगळ्याच बायलो काढून ठेवतो."

सोडणं खाडीच्या चिखलात खड्डे करून महिनोन्‌महिने कुजत घालतात. ती उकरून काढली की जी घाण सुटते, ती ज्यानं नाकानं अनुभवलीय त्याला सांगायला नको. कुजक्या अंड्यांसारखी. मी होडीत अर्धा उभाच राहिलो. "खंय काढतास औंदा?"

"काकीच्या घराखालीच. आदी पलीकडच्या काठार होते, औंदा हयसर खड्डे मारले."

काय सांगू तुम्हाला, त्या बाईच्या पायाच पडावंसं वाटलं! होडी हलली आणि होडीवाला खेकसला, "मेस्त्रीनू, खाली बसा, बुडवतलात."

काकीच्या पडवीत गेलो. देवी खरंच काळी पडली होती, निळसर झाक मारणारी काळी. खिडकीतून तोच वास आत येत होता आणि मी पाडलेल्या भोकांतून थेट पेटीत जात होता. पूर्वी देवी ट्रंकेत, फडक्यात होती आणि खड्डे पलीकडच्या काठाला होते. आता पेटी खिडकीत आणि खड्डे खिडकीखाली.

देवळाच्या अंगणात गाव जमलं होतं. मी म्हटलं, "देवी काळी पडली, कारण ती चांदीची आसा. कथील असता तर काळा पडाक नसता." मागून कोणीतरी म्हणालं, "सगळे चोर असाच बोलतत," आणि लोक हसले. माझे कान तापले. मी आबांनाच म्हटलं, "तुमच्या घरातली खरी चांदी आणा. तुमका खात्री आसा अशी. आणि एक नवी कल्हई केलेलो चमचो आणा, कल्हई म्हणजे कथीलच. दोनय वस्तू सोडणांच्या खड्ड्यार टांगूया. उद्या बघूया काळा कोण होता ता."

आबा घरी जाऊन तांब्या घेऊन आले. सासऱ्यांनी लग्नात दिलेला. त्याच्याबद्दल त्यांना फार अभिमान. मासळीच्या जाळ्याच्या तुकड्यात तांब्या आणि चमचा एकत्र बांधून खड्ड्यावर काठीला टांगला. राखणीला आनंदी आणि तिच्या जोडीच्या बायका. त्यांच्याइतका निःपक्षपाती पहारा गावात दुसरा नव्हता. त्यांना आबांचीही भीती नव्हती आणि माझीही गरज नव्हती.

मी काकीकडेच राहिलो. दिवेलागणीला ती देवीपुढे वात लावून आली आणि माझ्यासमोर बसली. मग हळूच म्हणाली, "मेस्त्री, रागावू नको हां. तू घेतलंस नाय मां?"

मलाही तेच विचारायचं होतं. आनंदीचं ऐकूनही मनात एक किडा वळवळत होताच. म्हटलं, "नाय, काकी. तुमी विकलात नाय मां?"

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसत सुटली. मीही हसायला लागलो. हसता हसता ती रडायला लागली आणि मग उठून पेज टाकली. दोघंही उपाशी होतो. पेज आणि खारातला आंबा. तसलं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

सकाळी जाळं सोडलं. चमचा चिखलाचे शिंतोडे उडून बसलेला, पण बोटानं पुसला तर लख्ख पांढरा. आणि तांब्या! काळानिळा, झाकोळलेला, तळाला तर नुसती शाई. मग आबांची बायको गर्दीतून ओरडली, "अरे माझ्या बापाशीचो तांब्यो! काय केलात ह्या!" आणि अख्खं गाव हसलं. त्या हसण्यानं माझ्या छातीवरचा जो धोंडा उतरला, त्याचं वजन मला तेव्हा कळलं. मी काकीच्या पायरीवर बसून घेतलं.

आबा हसले नाहीत. त्यांनी तांब्या हातात फिरवला आणि म्हणाले, "काळी पडता ती चांदी, ह्या पटला. पण आमचीच ती, ह्या कसा कळाचा?" रास्त होतं. मी म्हटलं, "ह्या टायमाक तुमी पडद्याआड येवा." वडीलधाऱ्यांनी मान डोलावली. मानकऱ्यांच्याच घराण्यातला माणूस, चालेल.

पडद्याआड मी देवी मांडीवर घेतली. रिठ्याचं पाणी, मग खडूची पूड, मग फडकं. कपाळ उजळलं, गाल उजळले. आबा पुढे वाकून बघत होते. नाकावरची काळोखी गेली तेव्हा तिथला झिजलेला भाग दिसला. कैक पिढ्यांनी गंध लावताना जिथे बोट फिरवलं, तिथे नाकाचा शेंडा एका बाजूनं गुळगुळीत आणि किंचित चपटा झाला होता. नव्या मुखवट्याला अशी झीज कोण कुठून आणणार? आणि वरून नुसता मुलामा असता तर तिथे खालचा पिवळा धातू डोकावला असता. आबांनी आपलं बोट पुढे केलं आणि त्या जागेवर ठेवलं. तरुणपणी कित्येक वर्षं जत्रेला गंध लावायचं काम त्यांचंच होतं. ते बोट तिथे बरोबर बसलं.

"गावली," ते म्हणाले. "हीच गे माय ती." आणि तो एवढा मोठा माणूस ओक्साबोक्शी रडला. काकीला तेवढ्यावरून कळलं. तिनं बाहेरूनच विचारलं, "भावजी, मेळली मां?" मीच म्हटलं, "मेळली, काकी."

मग ती म्हणाली ते माझ्या अजून कानात आहे. "मेस्त्री, सगळा पुसू नको. कानामागे इल्लोसो काळो डाग रवांदे. उद्या कोणी इचारल्यान, हीच ती काय, तर दाखवूक व्हयो."

उजव्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा डाग मी ठेवला. जन्मभर लोकांच्या चांदीवरचे डाग काढले, हा एकच मुद्दाम ठेवलेला. त्या जत्रेत देवी पालखीत बसली. गाऱ्हाणं घालणाऱ्यानं काकीच्या घराचं नाव घेऊन देवीला साद घातली आणि सगळ्यांत मोठ्यानं "होय म्हाराजा!" म्हणाले ते आबा. भोकं मी मेणानं बुजवली. पेटी खिडकीतून आतल्या भिंतीशी नेली, काचेला बिजागऱ्या आणि कुलूप लावलं आणि रोज पूजेला काच उघडायची, तेवढा वारा देवीला पुरे, असा काकीशी तह झाला. आबांचा तांब्याही मीच उजळून दिला. त्यांच्या बायकोनं त्याची दोनदा पाहणी केली.

काकी गेली. आनंदीही गेली, पुढे काही वर्षांनी. तिला मी आभार म्हणून काही दिलं नाही, नुसता हसून बोलत राहिलो, ही रुखरुख आहे. काचपेट्या आता कोणी करून घेत नाही. लोखंडी शोकेस मिळतात, त्यात सगळं कोंबतात. करोत बापडे. मी दुकान बंद केलं, पण जत्रेच्या आधी एक दिवस अजून खाडी ओलांडतो. होडी नाही आता, पूल झालाय.

मान काकीच्याच घराकडे आहे. मुलगा बोटीवरून येईपर्यंत पेटीची किल्ली आबांकडे असते. पडद्याआड आम्ही दोघे म्हातारे. मी देवी उजळतो, डाग तेवढा सोडून. मग ती आबांच्या हातात देतो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. ते देवीचा उजवा कान खिडकीच्या उजेडाकडे वळवतात, अगदी डोळ्यांजवळ धरतात, आणि तेवढा वेळ माझा श्वास अडकलेला असतो. डाग मीच ठेवलेला, तो तिथे असणारच, हे माहीत असूनही.

"आसा रे मेस्त्री," ते म्हणतात. "आसा."